उतारा

झोन ऑफिसात साहेबांनी नाव पुकारलं,
"येमुल नागनाथ राजमल्लू. हे घर आहे की लॉज?"
मी पिशवीतून उतारा काढला,
घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला.
त्यावर माझं नाव आहे, वडिलांचं आहे,
चौरस फूट आहेत.
घर की लॉज, असा रकाना नाही.

सहा माग होते तिथं, साहेब,
साखर पेठेतल्या त्या पत्र्याखाली.
रात्रपाळीला टॉवेल निघायचे,
आणि खडखडाटात सगळ्या बोळाला झोप लागायची;
लाइट गेली की लोक जागे व्हायचे.
मग माग किलोवर गेले.
बीड कितीला, लोखंड कितीला,
ते मला भंगाराच्या पावतीवर कळलं.
उरली जागा. तिच्या दोन खोल्या केल्या,
एक संडास, एक गिझर,
पलंगावर आपलीच चादर, मोराची,
आणि पुतणीनं फोनवर फोटो टाकले.

लोक यायला लागले.
अक्कलकोटला जाणारे, तुळजापूरहून परतणारे,
परीक्षेला आलेली लातूरची पोरगी, तिचा पेंगणारा बाप,
सिव्हिलमध्ये कुणाला तरी ठेवून
फक्त आंघोळीपुरते आलेले दोन भाऊ.
रात्रीचे हजार. त्यातले दीडशे फोनवाल्याचे.
मी कुणाला विचारलं नाही.
भिंती माझ्या. विचारू कुणाला?

तेव्हा शेजारचे हत्तुरे उठले.
बसलिंगप्पा हत्तुरे, रिटायर कंडक्टर,
बोलताना अजून बोटं हलतात, सुटे मोजल्यासारखी.
"साहेब, पाणी येतंय चार दिवसाला.
माझे दोन ड्रम, ह्यांची मोटर टाकी भरते.
पाहुणा शॉवर सोडतो,
त्याला काय ठाऊक आज कितवा दिवस."
थांबले. घोट गिळला.
"रात्री दोनला बेल वाजते. माझी.
दोन्ही दारांवर एकच नंबर,
ह्यांच्यापुढं 'अ' होता, तो पुसलाय.
बायकोच्या छातीत मशीन बसवलंय, साहेब.
ती आधी तिथं हात ठेवते, मग म्हणते, उघडू नका.
मागांचा आवाज चालला ओ.
तो कुणाचा ते माहीत होतं."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.
"नियम यायचाय. मसुदा वर गेलाय.
तोवर बंद ठेवा."
मी म्हटलं, घरपट्टी तर तुम्ही व्यापारी दरानं लावली,
तेव्हा मसुदा कुठं गेला होता?
कारकून हसला. साहेब हसले नाहीत.
पुढची तारीख चौदा.

बाहेर दोघांत एकच रिक्षा मिळाली.
हत्तुरेंनी आपले पंधरा रुपये आधीच मुठीत धरले होते.
सात रस्त्यापासून घरापर्यंत
आम्ही ड्रायव्हरच्या मानेकडं बघत होतो.

रात्री कागद परत घडी घालताना वाटलं,
केवढासा शब्द, आणि किती ठिकाणी राबतो.
मालकीचा उतारा.
आई अमावस्येला चौकात ठेवायची, भात, लिंबू, हळद,
कुणी ओलांडू नये म्हणून, तोही उताराच.
विष चढलं तर लागतो, तोसुद्धा.
मी साहेबांकडं नेमका कुठला मागायला गेलो होतो?

दुसऱ्या दिवशी ऑइल पेंट आणला.
वीतभर 'अ' काढला, लाल. वाकडा आला.
शॉवरचं तोंड काढून बादली ठेवली,
भिंतीवर लिहिलं, पाणी मोजून आहे.
पण खोल्या बंद केल्या नाहीत. खोटं कशाला बोलू.
नोटीस ट्रंकेत आहे,
हत्तुरेंची तक्रारही त्यांनी मागं घेतलेली नाही.

परवा नाशिकचा एक जण यायचा होता, गाडी लेट.
दीड वाजता मी पायरीवर टॉर्च घेऊन बसलो,
त्यानं कुठलीच बेल दाबू नये म्हणून.
तो आला, बॅगेच्या चाकांनी फरशी खरवडत.
मी बॅग उचलून घेतली.
वर हत्तुरेंच्या खिडकीत उजेड झाला,
थोडा वेळ राहिला.
"काका, पाणी आहे ना?" पाहुण्यानं विचारलं.
मी हळूच म्हटलं,
आज तिसरा दिवस आहे.